हृदयाची जमाबंदी

मनगटावर घड्याळ बांधावयाचे ते वेळ पाहण्यासाठी, आणि ते लग्नात सासऱ्यांकडून मिळालेले असेल तर सासरच्या मंडळींना दिसावे म्हणून, अशी ज्या पिढीची प्रामाणिक समजूत होती त्या पिढीतला मी असल्यामुळे, माझ्या चोपन्नाव्या वाढदिवसाला पुण्याच्या भाच्याने पाठविलेले घड्याळ मी मोठ्या हौसेने मनगटावर चढविले खरे. परंतु आपण घड्याळाकडे पाहावयाचे हा जुना दस्तुर आता मोडीत निघाला असून यापुढे घड्याळ आपल्याकडे पाहणार आहे, ही गोष्ट ध्यानात यावयास मला तीन दिवस लागले. या घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा आहे. रात्री बत्ती मालवल्यावर तो पांघरुणाखालून लुकलुकू लागला तेव्हा आमच्या सौभाग्यवतींना प्रथम काजव्याची शंका आली, मग, या रखरखीत मुलखात काजवा कोठून येणार, हे लक्षात आल्यावर त्या म्हणाल्या, "अहो, त्या गस्तवाल्याला रात्रीची तरी रजा द्या."

दिव्याचे रहस्य असे, की रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. ठोका पडला की मनगटातील वाहिन्या भरतात, प्रकाश अधिक गिळला जातो, परत येणारा उजेड तेवढा कमी भरतो, आणि या आवक-जावकीवरून घड्याळ मिनिटाच्या ठोक्यांचा हिशेब मांडते. म्हणजे जागा जवळपास तीच, जेथे आमच्या गावचे वैद्य तीन बोटे टेकवून डोळे मिटून बसत. शार्ङ्गधराने आपल्या संहितेत वाताची नाडी सापासारखी वा जळवेसारखी, पित्ताची कावळ्यासारखी वा बेडकासारखी आणि कफाची हंसासारखी वा पारव्यासारखी चालते असे सांगून ठेवले असल्यामुळे त्या वैद्यांना प्रत्येक रोग्याच्या मनगटात एक लहानसे प्राणिसंग्रहालय भेटत असे, आणि रोगी बरा होवो न होवो, आपल्या हातात हंस आहे एवढ्या वार्तेनेही तो निम्मा सुधारून घरी जाई. इंग्लंडात मात्र सर जॉन फ्लॉयर नावाच्या वैद्याने नाडी मोजण्यासाठी बरोबर एक मिनिट चालणारे घड्याळ करवून घेतले, 1707 साली त्यावर ग्रंथ लिहिला, आणि तेथून पुढे उपमांची पीछेहाट होऊन आकड्यांची सरशी होत गेली. माझ्या घड्याळाला माझ्या मनगटात ना हंस दिसला ना बेडूक. त्याला दिसले 72.

घड्याळाला मोजायला काम मिळाले ते सायकलीमुळे, आणि सायकलीचे कारण साखर. ती रक्तात किती असावी याविषयी माझे आणि डॉक्टरांचे मतभेद विकोपास गेले, तेव्हा तडजोड म्हणून मी सायकल घेतली. घेताना तिची रियालमधली किंमत मनातल्या मनात रुपयांत करून पाहिली ही माझी चूक झाली. एकोणीस वर्षे ओमानात हिशेबनीसगिरी करूनही ही खोड गेलेली नाही. (रिझर्व्ह बँकेने आखातासाठी म्हणून 1959 साली काढलेला वेगळा रुपया या देशात 1970 पर्यंत चालत असे, हे मला कळले तेव्हा आपली खोड सर्वस्वी निराधार नाही याचे समाधान वाटले.) आम्ही राहतो ते अल खौद म्हणजे मस्कतच्या पश्चिमेकडील सीब विलायतीतला भाग: एका अंगाला 1986 साली सुरू झालेले सुलतान काबूस विद्यापीठ, दक्षिणेला भाजलेल्या विटेच्या रंगाचे डोंगर, त्या डोंगरांतून बाहेर पडणारी कोरडी वादी, आणि मधल्या सपाटीवर पांढरी घरे, गोलाकार चौक व गतिरोधक. सायकलीला हा मुलूख परका नाही. जगभरचे नामांकित सायकलस्वार ज्या ‘टूर ऑफ ओमान’साठी येतात तिच्या 2022 सालच्या शर्यतीचा तिसरा टप्पा याच विद्यापीठातून सुटून कुरियातला गेला होता, आणि मी ज्या चौकात धापा टाकीत पाय टेकतो त्या चौकाजवळून ही मंडळी गेली असतील, या कल्पनेनेच माझे ठोके पाच-सहांनी वाढतात, असे घड्याळाचे म्हणणे आहे.

परंतु खरा वचक भाच्याचा. हा मुलगा पुण्याहून दोनशे किलोमीटरची सायकलयात्रा साडेतेरा तासांच्या आणि सहाशेची चाळीस तासांच्या मुदतीत पुरी करणाऱ्यांच्या पंथातला. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी 2015 सालच्या शर्यतीत दोघांच्या गटात अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून पूर्व किनारा गाठला, सुमारे 4800 किलोमीटरचे ते अंतर नऊ दिवसांच्या आत कापले, आणि 2017 साली नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी तीच शर्यत एकट्याने पुरी केली, या गोष्टी तो आमच्या लहानपणी पानिपतची बखर सांगणाऱ्यांच्या तन्मयतेने सांगतो. अशा मुलाच्या हाती मामाचे हृदय पडले म्हणजे काय होते हे मी आता सांगणार आहे.

त्याने प्रथम माझ्या हृदयाची जमाबंदी केली. हृदयाचा कमाल ठोका, म्हणजे जीव तोडून केलेल्या श्रमात ते जेथवर धावू शकते तो आकडा, हा वसुलाचा शंभर टक्के आकार धरावयाचा आणि त्याच्या निम्म्यापासून वरपर्यंत पाच भाग पाडावयाचे. या भागांना तो इंग्रजीत झोन म्हणतो. कोशकार परिमंडळ म्हणतील. पण ज्याच्या घरात पाच पिढ्या कुळकर्ण गेले त्याला परगणा हाच शब्द सुचणार. पहिला परगणा सुखवस्तूंचा, त्यात सायकलीवर बसल्याचे सायकलीलाही कळत नाही. दुसरा सहनशक्तीचा, दिवसभर पायडल मारीत राहता येईल असा. तिसऱ्यात श्रम जाणवतात पण कीर्ती मिळत नाही. ना धड विश्रांती, ना धड पराक्रम. चौथा उंबरठ्याचा: येथे रक्तात लॅक्टेट साचू लागते, ते उपसले जाण्याचा वेग साचण्याच्या वेगाला पुरा पडेनासा होतो, आणि बोलणे एका शब्दावर येते. पाचव्याविषयी अनुभवाने सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नाही, कारण तेथे गेलो होतो तेव्हा काही आठवण्याच्या स्थितीत नव्हतो.

"मामा, तुम्ही फक्त दुसऱ्यात राहायचं," भाच्याचे फर्मान सुटले. "बाकीचे तूर्त विसरा."

दुसरा परगणा कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढे विचारण्याचा अपराध माझ्या हातून घडला; आणि सीमाप्रश्न हा मराठी माणसाच्या पाचवीलाच पुजलेला असल्यामुळे तो येथेही उद्भवला. कमाल ठोका काढण्याची सर्वतोमुखी असलेली रीत म्हणजे 220 तून वय वजा करावे. माझे वय 54, बाकी 166. या रीतीची कुलकथा काढून पाहिली तर ती 1971 साली अमेरिकेतल्या फॉक्स, हॅस्केल प्रभृती डॉक्टरांनी निरनिराळ्या अभ्यासांतील आकडे एकत्र मांडून ढोबळमानाने ओढलेली एक रेघ निघते. माणसामाणसांत तिच्या वरखाली दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. 2001 साली तनाका आदी संशोधकांनी 208 तून वयाचा सात-दशांश भाग वजा करावा अशी दुरुस्ती सुचविली, तीप्रमाणे मला चार ठोके वाढवून मिळतात. वाढ स्वीकारावयाची नाही असे आमच्या घराण्यात आजवर घडलेले नाही. परंतु भाचा जुन्या आकड्यावर अडून बसला, तेव्हा 166 तर 166. त्याच्या साठ ते सत्तर टक्क्यांत दुसरा परगणा धरला तर हद्द पडते 100 ते 116.

आता फिनलंडच्या मार्टी कार्व्होनेन यांची कैफियत ऐका. त्यांनी 1957 साली असे प्रतिपादले, की हृदय स्वस्थ बसले असतानाही काही ठोके देतच असते, तो त्याचा घरखर्च. तेव्हा वाटणी करावयाची ती एकूण उत्पन्नाची नव्हे, घरखर्च वजा जाता उरणाऱ्या शिलकीची. हिशेबनिसाला हे तत्काळ पटले. 166 तून माझे स्वस्थ बसल्याचे 72 वजा जाता शिल्लक 94. तिचे साठ ते सत्तर टक्के घेऊन त्यांत 72 परत मिळविले की दुसऱ्या परगण्याची हद्द येते 128 ते 138. म्हणजे एका मोजणीने माझा दुसरा परगणा जेथे संपतो तेथून बारा ठोके पुढे गेल्यावर दुसऱ्या मोजणीने तो सुरू होतो, आणि मधला मुलूख बेवारशी. मिनिटाला 136 ठोके चालू असताना एक अमीन म्हणतो मी चौथ्या परगण्यात घुसखोरी केली आहे, दुसरा म्हणतो मी दुसऱ्यातच सुखाने नांदतो आहे. आम्हां मराठी लोकांना 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगाचा अनुभव असल्यामुळे अशा प्रसंगी अहवाल मागविण्यात अर्थ नसतो हे मी जाणून होतो. पण भाच्याने मागविलाच.

हा तिसरा अहवाल म्हणजे जागेवर जाऊन केलेली पाहणी. अर्धा तास सलग, टिकवता येईल तेवढ्या जास्तीत जास्त जोराने सायकल हाणावयाची आणि शेवटच्या वीस मिनिटांची ठोक्यांची सरासरी काढावयाची. तो आपला उंबरठा. विद्यापीठालगतच्या रस्त्यावर मी ही परीक्षा दिली. पहिली दहा मिनिटे माझ्या मनात महाजन बंधू होते, पुढची दहा मिनिटे आमच्या सौभाग्यवती होत्या, आणि अखेरच्या दहा मिनिटांत विमापत्र कोणत्या खणात ठेवले आहे याखेरीज दुसरा विचार नव्हता. सरासरी आली 152. तिच्या 81 ते 89 टक्क्यांत सहनशक्तीचा प्रदेश धरतात, तो 123 ते 135 आला, कार्व्होनेनच्या दाव्याशी बराचसा जुळला, आणि उभयपक्षी तहनामा होऊन 130 हा मैलाचा दगड ठरला. त्याच्या आसपास राहावयाचे. वर गेल्यास घड्याळ मनगटाला चिमटा घेतल्यासारखे थरथरते.

मनगटावर भरवसा नको म्हणून छातीला बांधावयाचा पट्टाही मागाहून आला. तो हृदयाचे विद्युत्स्पंद थेट टिपतो, म्हणून अधिक नेकीचा. बांधण्यापूर्वी तो पाण्याने ओला करावा लागतो, सबब दर शुक्रवारी पहाटे मी न्हाणीघरात उघडा उभा राहून छातीवर पाणी शिंपडीत असतो, आणि तो सगळा विधी करगोटा वाट चुकून वर चढल्यासारखा दिसतो. असा बिनतारी पट्टा पहिल्याने बाजारात आणण्याचे श्रेय फिनलंडातल्याच, औलू शहराजवळच्या पोलर या कंपनीकडे जाते. सहा-सहा महिने बर्फात राहणाऱ्यांनी हृदयाचा कायदा लिहावा आणि त्याची अंमलबजावणी अल खौदच्या उन्हात व्हावी, यात काही तरी गफलत आहे, असा संशय मला तेव्हाच यावयास हवा होता.

दुसऱ्या परगण्यात राहणे हे श्रमाचे काम नाही. अपमानाचे आहे. सपाट रस्त्यावर कसाबसा पंधरा-सोळाचा वेग, आणि जरा चढ लागला की घड्याळ थरथरते, आपण पाय सैल सोडतो, वेग आठावर येतो, आठाचा सात होतो, आणि सायकल तोल सावरण्याइतकीच पुढे सरकते. जन्मभर आपण जोर लावला नाही म्हणून मागे राहिलो असे ऐकत आलेल्या माणसाला, आता जोर लावू नका म्हणून मागे राहा, असे सांगितले जाते तेव्हा त्याच्या अंतःकरणात जी खळबळ होते तिनेही ठोके वाढतात, हे भाच्याच्या शास्त्रात कोठेच धरलेले नाही. शाळकरी मुले पुढे जातात. बाजारातून जिन्नस घरपोच करणारा मुलगा, मागे पाण्याच्या बाटल्यांचा गठ्ठा बांधून, एका हाताने दूरध्वनीवर बोलत पुढे जातो. एकदा तर मांजराने माझ्या पुढून रस्ता ओलांडताना मध्यावर थांबून मान वळवून मला न्याहाळले आणि निश्चिंत होऊन उरलेला अर्धा रस्ता पार केला.

या संथपणाची एक घरगुती कसोटी आहे. धाप न लागता पूर्ण वाक्य बोलता आले तर तुम्ही दुसऱ्या परगण्यात आहात; गाणे म्हणता आले तर पहिल्यात; आणि शब्दांचे तुकडे पडू लागले तर वर चढलात. ही कसोटी ज्याने कोणी शोधली त्याला मराठी निबंधवाङ्मयाचा परिचय नसावा. पूर्ण वाक्य म्हणजे केवढे? ज्याला शाळेत मास्तरांनी वाक्य आरंभिले की क्रियापदाची गाठ पुढच्या पानावर पडेपर्यंत ‘परंतु’, ‘तथापि’, ‘यद्यपि’ आणि ‘किंबहुना’ यांच्या खांद्यांवरून चालत राहण्याची सवय लावली, तो एक वाक्य बोलायला जाऊन सुलतान काबूस महामार्गापर्यंत पोहोचेल, आणि क्रियापद आले तेव्हा चौथ्या परगण्यात असेल. म्हणून मी परिमाण बदलून घेतले. येथल्या वडीलधाऱ्या माणसाशी होणारा ओमानी क्षेमकुशलाचा विधी धाप न लागता पुरा करता आला की मी हद्दीत आहे असे समजतो: सलाम, मग हाल, मग प्रकृती, मग घरची माणसे, मग पुन्हा एकदा हाल, आणि प्रत्येक पायरीवर ईश्वराचे आभार. विधी अर्धा टाकून नुसतेच ‘अल्हम्दुलिल्लाह’ तोंडून निघाले, तर उंबरठा ओलांडला.

या परिमाणाचा लाभ मला ज्यांच्यामुळे झाला त्या गृहस्थांची गाठ मे महिन्यातल्या एका शुक्रवारी पडली. जुन्या अल खौद गावाकडे, खजुरीच्या बागांच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्यावर किंचित चढ आहे. तेथे मी 130 च्या आज्ञेत राहून ताशी सातच्या गतीने सरकत असताना पांढऱ्या रंगाची एक पिकअप माझ्या बरोबरीला आली आणि त्याच गतीने चालू लागली. आत पांढरीशुभ्र दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची कुम्मा आणि तितकीच पांढरी दाढी असे पहाटेची नमाज आटोपून निघालेले वृद्ध गृहस्थ. मागे हिरव्या गवताचे भारे आणि त्यांवर ओणवून माझ्याकडे पाहणारी एक शेळी. क्षेमकुशलाचा विधी यथासांग झाला. मग त्यांनी विचारले, "सैकल खरबान?"

सायकल बिघडलेली नाही, हृदयाला हळू चालवावयाचे आहे, हे सांगण्याइतके अरबी मला येते अशी माझी समजूत होती. हृदयाला अरबीत ‘कल्ब’ म्हणतात. म्हणून मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "ला, ला. कल्बी श्वै श्वै."

त्यांनी आरशातून मागे पाहिले. मग खिडकीतून डोके काढून रस्त्याच्या कडेला पाहिले. "वेन?" म्हणजे कोठे?

मी पुन्हा छातीवर हात ठेवला, घड्याळ त्यांच्यापुढे धरले आणि "मिया व थलाथीन" असे एकशेतीसचे अरबी तपशीलवार उच्चारले. त्यांच्या चेहऱ्यावर प्रथम विस्मय आणि मग अशी काही करुणा उमटली, की शास्त्र भाषेच्या सीमा कशा ओलांडते याचा प्रत्यय येऊन मलाच गहिवरून आले. त्यांनी मला पाण्याची बाटली दिली, आकाशाकडे बोट केले, ‘इन्शाल्लाह’ म्हणाले आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निरखून पाहत सावकाश निघून गेले.

खुलासा रविवारी कचेरीत झाला. अरबीत क दोन आहेत. एक घशाच्या तळातून काढावयाचा आणि दुसरा आपला नेहमीचा. तळातल्या क चा ‘कल्ब’ म्हणजे हृदय. आपल्या क चा ‘कल्ब’ म्हणजे कुत्रा. मी त्या सद्गृहस्थांना छातीवर हात ठेवून सांगितले होते, की माझा कुत्रा हळूहळू येतो आहे, आणि तो एकशेतीस आहे. काय एकशेतीस, हे ज्याचे त्याने ठरवावे. आमच्या हिशेबखात्यातल्या ओमानी सहकाऱ्याने हे ऐकल्यावर चहाचा पेला खाली ठेवला आणि पुढचा अर्धा तास तो कोणत्याही परगण्यात बसण्याच्या स्थितीत नव्हता.

जून उजाडला तसा माझ्या राज्यात निराळाच बंडावा सुरू झाला. तीच सायकल, तोच रस्ता, तोच वेग, आणि पहिल्या अर्ध्या तासात 128 असलेला ठोका तासाभरात काहीही आगळीक न करता 142 वर गेलेला. भाच्याने सांगितले, की याला उन्हातला चढाव म्हणतात आणि त्यात माझा दोष नाही. अंग थंड ठेवण्यासाठी रक्त कातडीकडे वळते, घामापायी रक्तातले पाणी घटते, त्यामुळे एका ठोक्यात बाहेर पडणारे रक्त कमी होते. घागर लहान झाली की विहिरीच्या खेपा वाढाव्यात तसे हृदय ठोके वाढवून तूट भरून काढते. आमच्याच किनाऱ्यावरच्या कुरियातला 26 जून 2018 रोजी दिवसरात्रीत पारा 42.6 अंशांच्या खाली उतरलाच नव्हता, यावरून येथल्या विहिरीच्या खेपांची कल्पना यावी. ‘टूर ऑफ ओमान’ भर फेब्रुवारीत असते, तरीही 2015 साली वाऱ्या-वादळामुळे आणि उष्म्यामुळे तिचा एक टप्पा रद्द करावा लागला, उतारावर ब्रेक तापून धावा फुटू लागल्या आणि जगद्विख्यात स्वार पुलाच्या सावलीत बसून राहिले. ही हकिकत मी भाच्याला मोठ्या आशेने कळविली. त्याचे उत्तर आले, "मग अजून हळू चालवा, मामा."

अजून हळू म्हणजे उतरून चालणे. मी उतरलो.

ते ज्या ठिकाणी उतरलो तेथून अल खौदचे धरण दिसते. हे 1985 साली बांधलेले. पहिल्याने पाहणाऱ्याला वाटते की सरकारने वाळवंटाला बांध घालून मोठीच फसगत करून घेतली आहे, कारण वर्षातला बहुतेक काळ त्यात पाण्याचा थेंब नसतो. परंतु हे पाणी साठविण्याचे धरण नव्हेच. डोंगरात पाऊस झाला की समाईलकडून वादीला लोंढा येतो, तो सरळ समुद्रात धावून व्यर्थ जाऊ नये, थोपावा, गाळ खाली बसावा आणि निवळलेले पाणी सावकाश जमिनीत मुरून किनाऱ्याच्या विहिरींना मिळावे, समुद्राच्या खाऱ्या पाण्याला मागे रेटावे, एवढ्यासाठी ते आहे. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळात गावोगाव जे पाझर तलाव खणले गेले त्यांचाच हा थोरला अरबी भाऊ. भाच्याचे चार महिन्यांचे जे व्याख्यान माझ्या डोक्यावरून गेले होते ते त्या कोरड्या बांधाकडे पाहताना एकदम उमगले. संथ श्रमात शरीर मुख्यतः चरबी जाळते. स्नायूंत नवनव्या केशवाहिन्या फुटतात. पेशींतल्या तंतुकणिका, म्हणजे इंधनाची शक्ती करणाऱ्या लहानलहान भट्ट्या, संख्येने आणि कुवतीने वाढतात. हृदयाच्या एका ठोक्याचा उपसा वाढतो. लोंढ्याने यातले फारसे होत नाही, मुरण्याने होते. नॉर्वेत काम करणारे स्टीफन सायलर यांना अव्वल दर्जाच्या खेळाडूंच्या नोंदवह्या तपासताना असे आढळले, की त्यांच्या सरावाच्या दहा खेपांपैकी आठ सोप्या असतात. आम्ही हौशी लोक मात्र दहाच्या दहा खेपा तिसऱ्या परगण्यात घालवितो, दमतो, आणि वाढत नाही. स्नायूंतली साखर हे चालू खाते, ते जेमतेम दोन हजार कॅलरींचे. खरी ठेव चरबीची. माझ्या कमरेभोवती बारा किलो अधिक आहेत असे डॉक्टर म्हणतात, म्हणजे किलोला 7700 या दराने सुमारे 92 हजार कॅलरींची मुदत ठेव झाली, आणि ती मोडावयाची तर दुसऱ्याच परगण्यातल्या खजिन्यात अर्ज करावा लागतो.

इतके सगळे शास्त्रोक्त चालले असताना एका मंगळवारी भाच्याचा संदेश आला: "शाब्बास, मामा! काल संध्याकाळी साडेसात ते सव्वाआठ, सरासरी 131. मध्ये एकदा 149. कुठं गेला होता? रस्ता उमटला नाही."

मी कोठेही गेलो नव्हतो. कोचावर बसलो होतो. वाई तालुक्यातल्या आमच्या वडिलार्जित जमिनीच्या सातबाऱ्यावर चुलतभावाचे नाव कसे चढले याविषयी दादांचा दूरध्वनी आला होता. संध्याकाळ असल्यामुळे उन्हाचा प्रश्न नव्हता. घरात वातानुकूलन चालू होते. पाय स्थिर होते. आणि हृदय सहनशक्तीच्या परगण्यात पाऊण तास घालवून, ‘तुझी सही तेव्हा घेतली असती तर ही वेळ आली नसती’ या वाक्याला थेट उंबरठ्याला हात लावून आले होते. मी हे भाच्याला कळविले आणि या पाऊण तासात चरबी किती जळली ते विचारले. त्याने उत्तर दिले, की पायांनी काम केलेले नाही, तेव्हा जवळजवळ काही नाही. यावर माझे काय म्हणणे असणार? मोजणीखात्याला ठोका दिसतो, कारण दिसत नाही. पण निदान मोठ्या मामांच्या दूरध्वनीचा खर्च तरी कोठे जमेस धरा, असा अर्ज मी केला, तो नामंजूर झाला. सौभाग्यवतींनी मात्र त्यावर व्यवहारी तोडगा काढला: आता दादांचा दूरध्वनी आला की त्या मला गच्चीवर फेऱ्या घालीत बोलायला लावतात, म्हणजे पाय तरी चालतात.

सहा महिने लोटले. त्याच रस्त्यावर 130 ठोक्यांना आता वेग विसाच्या आसपास असतो. मांजर थांबत नाही, पळते. साखरेविषयी डॉक्टर आणि मी पुन्हा बोलू लागलो आहोत. स्वस्थ बसल्याचे ठोके 72 वरून 64 वर आले. हे भाच्याला अभिमानाने कळविले तेव्हा त्याने पुनर्मोजणीचा हुकूम काढला. मधल्या काळात माझे वय एका वर्षाने वाढल्यामुळे कमाल 165 झाली, शिल्लक 101 आली, आणि कार्व्होनेनच्या रीतीने दुसऱ्या परगण्याची नवी हद्द 125 ते 135 अशी पडली. म्हणजे जे मन मारून कमाविले त्याचे बक्षीस म्हणून तीन ठोके सरकारजमा.

ते वृद्ध गृहस्थ अधूनमधून शुक्रवारी भेटतात. पिकअप बरोबरीला येते, शेळी ओणवून पाहते, आणि सलाम, हाल, प्रकृती, घरची माणसे असा विधी धाप न लागता पार पडतो. दुरुस्तीचा अर्ज दाखल करण्याइतके अरबी माझ्यापाशी अजूनही नसल्यामुळे अखेरीस ते आवाज जरा खाली आणून कुत्र्याची चौकशी करतात, आणि मी छातीवर हात ठेवून अल्हम्दुलिल्लाह म्हणतो.